कोअर कटिंग: ओलं कुठे, कोरडं कुठे आणि बटण दाबण्याआधी काय काय

चिमणीचा डक्ट, एसीचे पाइप, बाथरूमची नवी लाइन... फ्लॅटमध्ये काम काढलं की भिंतीला नाहीतर स्लॅबला गोल भोक पाडावंच लागतं. डायमंड कोअर मशीन आता भाड्यानेही सहज मिळतं आणि दिसायला ते साधं आहे: बिट (टोकाला हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी) लावायचा, बटण दाबायचं, पुढे रेटायचं. याच समजुतीतून मनगटं मोडतात, बिट जळतात आणि खालच्या घरात काँक्रीटचा ठोकळा पडतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घरात चिखल नको म्हणून आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) कोरडं, म्हणजे पाण्याशिवाय, कापायला घेणं. ओलं करायचं की कोरडं, हे समोरचं मटेरियल आणि हातातला बिट ठरवतो. फरशी खराब होण्याची भीती हा त्यातला निकष नाही. चिखल आवरायचे उपाय वेगळे आहेत आणि ते पुढे येतील. मशीन स्वतः चालवणाऱ्यांनी हा लेख क्रमाने वाचावा. कोअर कटिंगवाला बोलावणार असाल, तरी पहिले सहा टप्पे वाचाच. त्यातल्या बऱ्याच गोष्टी घरमालकाने विचारायच्या आणि उभं राहून पाहायच्या आहेत.

## टप्पा १: भोक नेमकं कुठे

कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. "दोनच इंचाचं आहे, काही होत नाही" असं कोणीही म्हणालं तरी नाही. बीमला भोक पाडल्याशिवाय पर्यायच नसेल, तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्या आणि मगच मशीन मागवा. स्लॅब आणि आरसीसी भिंतींसाठीही सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचं मत आधी घ्यायला हवं.

ऑफिस, मॉल, पार्किंगच्या मोठ्या स्पॅनच्या इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असू शकतो. त्यातल्या केबल ताणून बसवलेल्या असतात. अशी केबल कापली गेली तर ती प्रचंड जोराने सुटते, माणूस जागीच जाऊ शकतो आणि स्लॅबची ताकदही जाते. ड्रॉइंग पाहिल्याशिवाय आणि स्लॅब स्कॅन केल्याशिवाय अशा ठिकाणी कोअर मारू नका.

साध्या आरसीसी स्लॅबमध्ये सळईचा हिशेब आधी करा. समजा सळया दोन्ही दिशांनी १५० मिमी अंतरावर आहेत. दोन सळयांमध्ये मोकळी जागा उरते साधारण १४० मिमी. जागा नीट शोधली तर १०० मिमीचा बिट एकही सळई न कापता त्या चौकटीतून जातो. १६२ मिमीचा बिट मात्र कुठेही ठेवला तरी प्रत्येक दिशेची निदान एक सळई कापणारच. म्हणून इंजिनिअरला विचारताना "भोक पाडू का?" एवढंच विचारू नका. किती व्यासाचं, कुठे आणि किती सळया कापल्या जातील, हे सांगून विचारा.

रीबार डिटेक्टर आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी फिरवा, मिळालेल्या सळया खडूने आखा आणि मध्यबिंदू त्या चौकटीच्या मधोमध घ्या. स्लॅबमध्ये पंख्याच्या बॉक्सकडे जाणारे वायरिंगचे पाइप सळयांच्या जाळीवर टाकलेले असतात आणि प्लास्टिकचा रिकामा पाइप साधा डिटेक्टर दाखवत नाही. पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीकडे जाणारा सरळ मार्ग टाळा. भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि सरळ खालची पट्टी टाळा, नळांच्या वरची-खालचीही टाळा. किचनमध्ये पाइप गॅस असेल तर त्याची लाइन कुठून आली आहे ते बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहा.

तपासा: भोक आरपार जाणार असेल तर पलीकडची बाजू पाहून आलात का? मागे कपाट, पाण्याचा पाइप, शेजाऱ्याची खोली, खिडकीवरचा छज्जा, काहीही असू शकतं. शंका असेल तर आधी मध्यबिंदूवर लांब, बारीक ड्रिलने आरपार भोक पाडा आणि ते पलीकडे कुठे निघतं ते बघा.

## टप्पा २: ओलं की कोरडं

आरसीसी, ग्रॅनाइट, जुन्या वाड्याची काळ्या दगडाची भिंत: ओलं.

विटांची भिंत, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे), पोकळ काँक्रीट ब्लॉक, कोकणातला आणि गोव्यातला जांभा: कोरडं, तेही कोरड्या कामासाठीच बनवलेल्या बिटने.

यामागचं कारण समजून घेतलं की गोंधळ उरत नाही. पाणी बिटाच्या दातांना, म्हणजे सेगमेंटना, थंड ठेवतं आणि कापलेली भुकटी भोकाबाहेर काढतं. ओल्या कामाच्या बऱ्याच बिटांचे सेगमेंट चांदीच्या डागाने नळीला जोडलेले असतात. आरसीसीत पाण्याशिवाय चालवलं की तो डाग उष्णतेने सैल होतो आणि सेगमेंट सुटतो. सुटलेला सेगमेंट खाचेत अडकला की बिट जागच्या जागी थांबतो आणि मशीनचा सगळा जोर चालवणाऱ्याच्या हातावर येतो. कोरड्या बिटाचे सेगमेंट लेझर वेल्डिंगने जोडलेले असतात, त्यामुळे ते जास्त उष्णता सोसतात. पण याचा अर्थ ते आरसीसीतही चालतील असा नाही. आरसीसी कोरडं कापणारे खास बिट आणि हलका आघात देणारी खास मशीन मिळतात. भाड्याच्या दुकानातला नेहमीचा कोरडा बिट त्यातला नसतो.

उलटी चूकही होते. विटांच्या किंवा एएसीच्या भिंतीत पाणी सोडलं की ब्लॉक ते शोषून घेतो. भुकटीचा लगदा होऊन बिटाच्या बाहेरच्या बाजूला घट्ट बसतो. प्लास्टर फुगतं, पलीकडच्या खोलीत ओल उमटते आणि त्याच भिंतीतल्या वायरिंगच्या बॉक्समध्ये पाणी शिरतं.

मिश्र थरांचं काय? गच्चीवर आणि बाथरूममध्ये स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तिथे काम ओलंच करायचं, कारण खाली आरसीसी आहे. मात्र कोब्यातले तुकडे सैल असतात आणि फिरून बिटाला धरतात. तेवढ्या थरात दाब अगदी कमी ठेवा.

> इशारा: घरात चिखल नको असेल तर पाणी गोळा करणारी रिंग आणि ओलं ओढणारा व्हॅक्यूम वापरा. पाणी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

## टप्पा ३: बिट आणि गती

बिटाचा नियम उलटा वाटतो, पण तसाच आहे. कठीण मटेरियलला मऊ बॉन्डचा (हिरे धरून ठेवणाऱ्या धातूचा) बिट, खरखरीत आणि मऊ मटेरियलला कठीण बॉन्डचा. सेगमेंटमधला धातू झिजत गेला तरच आतले नवे हिरे वर येतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात काँक्रीटमधली खडी बसाल्टची असते, आणि क्रश सँड वापरली असेल तर वाळूही त्याच दगडाची. हा दगड चिवट आहे, पण नदीच्या वाळूइतका खरखरीत नाही. कठीण बॉन्डचा बिट अशा काँक्रीटमध्ये झिजत नाही, नुसता घासून गुळगुळीत होतो. मग माणूस जोर वाढवतो, मोटर तापते आणि भोक काही पुढे जात नाही. बिट घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा: काळ्या खडीचं आरसीसी आहे, सळई लागू शकते.

माप ठरवताना पाइपभोवती सीलिंगचा मसाला बसेल एवढी जागा ठेवा. पाइपच्या बाहेरच्या मापापेक्षा बिट १० ते १५ मिमी मोठा घेतला की पुरतं.

गती व्यासावर ठरते. ओल्या आरसीसीसाठी बिटाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर धरला, तर ५२ मिमीच्या बिटाला मिनिटाला १,१०० ते १,२०० फेरे येतात, १०० मिमीला ६०० च्या आसपास आणि १६२ मिमीला ३५० ते ४००. मशीनवरच्या पट्टीवर गिअर आणि व्यास दिलेले असतात, त्याप्रमाणे लावा. गिअर फक्त मशीन पूर्ण थांबल्यावरच बदलायचा.

बिट चढवण्याआधी हे करा:

- प्रत्येक सेगमेंट बोटाने हलवून पाहा. एखादा हलला किंवा त्याच्या मुळाशी चीर दिसली तर तो बिट बाजूला ठेवा.
- नळी चेपलेली, वाकलेली नाही ना ते पाहा. बिट चढवून हाताने फिरवा. टोक डोलत असेल तर तो चालणार नाही.
- आटे साफ करून थोडं ग्रीस लावा आणि तांब्याचा वॉशर घाला. वॉशर नसेल तर काम झाल्यावर बिट निघता निघत नाही. पाना नेहमी दोन बाजूंनी लावायचा, एक स्पिंडलला (मशीनच्या फिरत्या दांड्याला), एक बिटाला.

> इशारा: रोटरी हॅमरला अडॅप्टर लावून डायमंड बिट चालवत असाल तर हॅमर बंद हवा, फक्त फिरण्याचा मोड. ठोक्याने सेगमेंट तुटतात. मशीनला सेफ्टी क्लच (बिट अडकला की जोर तोडणारी सोय) नसेल तर हा उद्योग करूच नका.

## टप्पा ४: वीज आणि पाणी एकत्र असताना

ओल्या कामात पाणी, वीज आणि ओल्या फरशीवर उभा माणूस हे तिन्ही एका जागी येतात. इथे जुगाड करायचा नाही.

मशीनच्या वायरवर स्वतःचा आरसीडी बॉक्स असतो, तो १० ते ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडतो. तो कापून साधा पिन टॉप लावलेली मशीन फिरताना दिसतात. अशी मशीन ओल्या कामाला घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. बॉक्स असेल तर रोज काम सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबा. वीज तुटली पाहिजे आणि रीसेट केल्यावरच परत आली पाहिजे. घराच्या बोर्डात आरसीसीबी (गळतीला वीज तोडणारा स्विच) असेल तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर मशीनचा बॉक्स काढायचा नाही.

अडीच हजार वॉटचं मशीन २३० व्होल्टला जवळपास ११ अँपिअर ओढतं. म्हणजे सॉकेट १५ किंवा १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं हवं. टीव्हीच्या मागच्या ६ अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्टर पिन घालून चालवू नका. एक्स्टेन्शन तीन वायरचं आणि निदान २.५ चौरस मिमीचं घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडा. वायरला मध्ये टेपचा जोड असेल तर ती आज वापरायची नाही.

वायर सॉकेटपर्यंत नेताना तिला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या. वायरवरून ओघळणारं पाणी मग झोळाच्या तळाशी ठिबकतं, पिनमध्ये शिरत नाही. जोड जमिनीवर पडू देऊ नका, टांगून ठेवा.

ज्या भिंतीत कापणार आहात, तिथल्या सर्किटचा एमसीबी खाली करा आणि घरातल्यांना तो वर करू नका असं सांगून ठेवा.

## टप्पा ५: मशीन बांधणं

हातात धरून किती व्यासापर्यंत चालवायचं, हे त्या मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ती मर्यादा ओल्या आणि कोरड्या कामासाठी वेगवेगळी असते. आरसीसीत सळई लागण्याची शक्यता असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: व्यास लहान असला तरी स्टँडच (मशीन धरून ठेवणारा, जागेला बांधायचा खांब) वापरा. हातातलं मशीन सळईपाशी कधी धरेल हे कोणालाही आधी कळत नाही.

आरसीसीत अँकर. स्टँडच्या पायाच्या खाचेत अँकर कुठे येईल ते आधी मापून घ्या. साधारण एम १२ चा ड्रॉप-इन अँकर (भोकात घालून फुलवायची धातूची नळी) वापरतात. त्याला मापानुसार १५ किंवा १६ मिमीचं भोक लागतं. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने पूर्ण काढा. भुकटी राहिली तर अँकर फुलतो खरा, पण धरत नाही. अँकर स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. टाइल आणि खालच्या मसाल्यात बसलेला अँकर ओढला की वर येतो.

विटांत आणि ब्लॉकमध्ये फुलणारा अँकर चालत नाही, वीट फुटते. आरपार थ्रेडेड रॉड घाला आणि पलीकडून मोठी प्लेट लावून नट आवळा.

व्हॅक्यूम बेस (हवा ओढून पृष्ठभागाला चिकटणारा पाया) फक्त गुळगुळीत, सलग, पाणी न झिरपणाऱ्या पृष्ठभागावर. रंग, प्लास्टर, कोबा, जुनी चिरलेली फरशी यावर तो धरत नाही. टाइलवर लावायचा असेल तर आधी टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर बेस टाइलला धरून राहील आणि टाइल स्लॅबला सोडेल. भिंतीवर नुसत्या व्हॅक्यूमवर विसंबू नका, जोडीला दुसरा आधार हवा. छताला तर व्हॅक्यूम अजिबात नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि पकड सुटू लागते, म्हणून गेजचा काटा दिसेल असं उभं राहा.

बांधून झालं की लेव्हलिंगचे स्क्रू आवळून स्टँड स्थिर करा. एसीच्या पाइपसाठी भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, भिंतीच्या जाडीत ५ ते १० मिमी, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. हा उतार स्टँड बांधतानाच द्यायचा. भोक अर्धं झाल्यावर देता येत नाही.

तपासा: वायर काढलेली असताना स्टँडचा खांब दोन्ही हातांनी धरून जोराने हलवा. पाया जरासाही सरकला तर पुन्हा बांधा. गाडी (खांबावर सरकणारा, मशीन धरणारा भाग) वरपासून खालपर्यंत दांड्याने सरकवून पाहा, कुठे अडते का, खडखडते का. खडखडत असेल तर रोलर आवळा.

## टप्पा ६: खालचा मजला आणि अंगावरचं साहित्य

१५० मिमीच्या स्लॅबमधून १६२ मिमीच्या बिटाने निघणारा कोअर, म्हणजे कापून सुटलेला गोल ठोकळा, सात किलोच्या आसपास भरतो. वर फरशी आणि मसाला असेल तर त्याहून जास्त. तो खाली पडला तर कोणाचाही जीव जाऊ शकतो.

म्हणून स्लॅब आरपार कापताना खालच्या घरातली ती खोली रिकामी करून घ्या आणि तिथे एक माणूस उभा करा, भोकाच्या बरोबर खाली नव्हे, दाराशी. त्याचं काम एकच, कोणाला आत येऊ न देणं. खालून प्लायवुड टेकू लावून घट्ट धरा म्हणजे कोअर त्यावरच अडतो. बाहेरच्या भिंतीत कोअर आतून मारत असाल तर खालच्या अंगणाचं, पार्किंगचंही तसंच. दोरी बांधा, माणूस ठेवा.

कपडे अंगासरशी. ओढणी, मफलर, सैल बाह्या, गळ्यातली साखळी नको. सैल सुती हातमोजे फिरत्या बिटात ओढले जातात. घालायचे तर घट्ट रबरी घाला. गमबूट, चष्मा, कानांवर मफ. कोरड्या कामाला तोंडावर रुमाल पुरत नाही, निदान एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा आणि तो गालाला नीट बसायला हवा. विटा, वाळू आणि ब्लॉकच्या बारीक धुळीत सिलिका असते. तिने फुप्फुसाला पडलेले व्रण भरून येत नाहीत.

शिडीवर उभं राहून हातातलं मशीन चालवायचं नाही. उंचावर काम असेल तर घोडा किंवा मचाण बांधा.

## टप्पा ७: ओलं कटिंग, क्रमाने

१. पाणी गोळा करणारी रिंग लावा, व्हॅक्यूम सुरू करा. रिंग नसेल तर भोकाभोवती चिकणमातीचा किंवा ओल्या चिंध्यांचा बांध घालून पाणी सतत ओढत राहा.

२. पाणी सोडा. बिटाच्या तोंडातून धार येताना दिसली पाहिजे. शंभर मिमीच्या बिटाला मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर धरा. दहा लिटरची दाबाची टाकी वापरत असाल तर दुसरी भरून जवळ ठेवा. मध्येच पाणी संपणं हे बिट जळण्याचं नेहमीचं कारण आहे.

३. बिट पृष्ठभागापासून थोडा दूर असतानाच मोटर सुरू करा. टेकवून सुरू करायचं नाही.

४. हलकेच टेकवा. सेगमेंट सगळीकडून सारखे ५ ते १० मिमी आत जाईपर्यंत जोर लावू नका. इथे घाई केली की बिट घसरतो आणि भोक लंबगोल होतं.

५. मग दाब सावकाश वाढवा. दांड्याला लोंबकळायचं नाही. मोटरचा आवाज एकसारखा राहील एवढाच दाब. आवाज खाली बसू लागला की दाब जास्त झाला.

६. बाहेर येणाऱ्या पाण्याकडे सतत लक्ष ठेवा. काम नीट चाललं असेल तर ते ताकासारखं दिसतं. घट्ट रबडी येऊ लागली तर पाणी कमी पडतंय. पाणी स्वच्छच येतंय आणि बिट पुढे जात नाही, तर बिट गुळगुळीत झालाय किंवा सळईवर नुसता घासतोय.

७. पाण्यात चमकणारे लोखंडाचे बारीक कण दिसले, आवाज बदलला, वेग मंदावला, तर सळई लागली आहे. सळई कापायची परवानगी नसेल तर इथेच थांबा, जागा बदला. परवानगी असेल तर मशीन थांबवून गिअर एक पायरी खाली घ्या आणि एकसारख्या, सौम्य दाबाने कापा. ठोके देत दाबू नका.

८. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उरले की दाब जवळजवळ सोडून द्या. पाणी एकदम खाली निघून गेलं की आरपार झालं.

९. बिट फिरता ठेवूनच आणि पाणी चालू ठेवूनच बाहेर काढा. बाहेर आल्यावर मोटर बंद, मग पाणी बंद.

हे नऊ मुद्दे वाचून बहुतेकांची चूक शेवटच्यावर होते. भोक झालं म्हणून मोटर आतच बंद करतात, भुकटी खाली बसते आणि बिट खाचेत घट्ट रुततो.

छताला खालून वर ओलं कोअरिंग हे वेगळंच काम आहे. पाणी सरळ मोटरवर येतं. पाणी गोळा करणारी रिंग, चालू व्हॅक्यूम आणि त्या कामासाठी मान्य असलेलं मशीन या तिन्ही गोष्टी नसतील, तर वरच्या मजल्यावर जाऊन वरून खाली कापा.

## टप्पा ८: कोरडं कटिंग, क्रमाने

इथे पाण्याचा एक थेंबही नको. धूळ ओढणारा व्हॅक्यूम मात्र हवाच. पोकळ स्पिंडलमधून आत ओढणारी सोय असेल तर सर्वांत चांगलं.

१. मध्यबिंदूवर सेंटरिंग पिन लावून सुरुवात करा. पिन नसेल तर प्लायच्या तुकड्याला बिटाच्या मापाचं भोक पाडून तो भिंतीला धरून ठेवायचा.

२. खाच सेंटिमीटरभर झाली की मशीन थांबवा, वायर काढा, पिन काढून घ्या. पिन तशीच ठेवून पुढे गेलात तर ती विटेत खेचत राहते आणि बिट वाकडा चालतो.

३. बाजूचं हँडल लावल्याशिवाय हातातलं मशीन चालवायचं नाही. पाय फाकवून, दोन्ही हातांनी. ट्रिगर लॉक करून ठेवायचा नाही. मशीनने झटका दिला तर बोट सुटताच ते थांबलं पाहिजे.

४. थोडं कापा, बिट फिरता ठेवून मागे घ्या, भुकटी निघू द्या, पुन्हा आत जा. खोल भोकात हे जास्त वेळा करावं लागतं. मागे घेतलेला बिट हवेत काही क्षण मोकळा फिरला की थंडही होतो.

५. ठिणग्या किंवा जळका वास आला की लगेच थांबा. विटांच्या भिंतीत ठिणग्या म्हणजे लिंटेलची (दार-खिडकीवरच्या आडव्या काँक्रीटची) किंवा पट्ट्याची सळई, नाहीतर लोखंडी पाइप. कोरड्या बिटाने ते कापायचं नाही.

६. पलीकडे निघताना दाब सोडा. विटांच्या भिंतीत जोराने बाहेर पडलात तर पलीकडचं प्लास्टर ताटलीएवढं उडतं. बाहेरची बाजू हाताला येत असेल तर बारीक भोकाच्या खुणेवरून अर्धं काम तिकडून करणं जास्त चांगलं.

## टप्पा ९: बिट अडकला तर

आधी मोटर बंद. मग वायर सॉकेटातून बाहेर. त्यानंतरच हात लावायचा.

मशीन चालू-बंद करून झटक्यांनी सोडवायचा प्रयत्न करू नका. क्लच जळतो, अँकर ढिला होतो, आणि बिट एकदम सुटला तर मशीन फिरून अंगावर येतं. पाना लावून बिट हाताने उलट-सुलट थोडा थोडा फिरवा आणि तसाच मागे ओढा. खाचेत सळईचा सुटा तुकडा असेल तर पातळ छिन्नीने तो काढून घ्या. नाहीच निघाला तर मशीन बिटापासून वेगळं करा. मग जास्त मापाच्या बिटाने त्याच्याभोवती कापायचं की जागा सोडायची ते ठरवा.

बिट गुळगुळीत झाला असेल, म्हणजे बोटाला सेगमेंट काचेसारखे लागत असतील, तर जोर लावून उपयोग नाही. खरखरीत विटेत किंवा धार लावायच्या ठोकळ्यात काही वेळा थोडंसं कापा. हिरे पुन्हा वर येतात.

काम चालू असताना वीज गेली तर पहिलं काम म्हणजे मशीनचा स्विच बंद करणं. जुन्या मशीनला वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय नसते.

## टप्पा १०: कोअर, भोक आणि साफसफाई

आरपार न गेलेला कोअर खाचेत छिन्नी घालून एका बाजूला हलकासा ठोकला की मुळाशी तुटतो. बिटात अडकलेला कोअर काढताना नळीवर लोखंडी हातोडा मारू नका. नळी चेपली की बिट गेला. लाकडी मोगरीने हलके ठोका किंवा मागून, स्पिंडलच्या बाजूने, रॉड घालून ढकला.

कोअर लगेच फेकू नका, आधी नीट पाहा. त्यात फरशी, मसाला, कोबा, स्लॅब असे सगळे थर एकावर एक दिसतात. कडेला चकचकीत गोल तुकडा दिसला तर ती कापलेली सळई आहे. तिचा व्यास मोजा, वरून किती खोलीवर आहे ते मोजा, फोटो काढा आणि इंजिनिअरला कळवा. काँक्रीटमध्ये मोठ्या पोकळ्या किंवा गंजाचे डाग दिसले तर तेही कळवा.

भोक पाडल्यावर वॉटरप्रूफिंग तुटलेलं असतं. बाथरूममध्ये आणि गच्चीवर पाइप बसवून भोवती न आकसणारा ग्राउट भरा आणि वरून वॉटरप्रूफिंगचा थर पाइपवर थोडा चढवून घ्या. नुसतं पांढरं सिमेंट थापलं तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या छताला ओल दिसते. स्लॅबच्या भोकात पाइप लगेच बसणार नसेल तर त्यावर न सरकणारं झाकण बसवा आणि "खाली भोक आहे" असं मोठ्या अक्षरांत लिहा.

राडा बेसिनमध्ये, कमोडमध्ये किंवा नहाणी ट्रॅपमध्ये ओतायचा नाही. सिमेंटची भुकटी तिथे बसते आणि घट्ट होते. बादलीत काही तास ठेवा, गाळ तळाला बसला की वरचं पाणी वेगळं काढा आणि गाळ डेब्रिजबरोबर द्या. कोरड्या कामाची धूळ झाडूने झाडू नका, व्हॅक्यूमने घ्या किंवा ओल्या फडक्याने पुसा. पिशवी बदलतानाही मास्क तोंडावर हवा.

मशीन पुसा, स्टँडची दातेरी पट्टी ब्रशने साफ करा, बिट काढून आट्यांना ग्रीस लावा. वायरची पूर्ण लांबी हातातून सरकवत कुठे चीर पडली आहे का ते बघा. ओलं मशीन पेटीत बंद करून ठेवू नका. आधी वाळू द्या, मग पेटीत ठेवा.